पाणी तापवायचा रॉड २३० व्होल्टवर ६.५ अँपिअर करंट घेतो. त्याचा रोध आणि शक्ती कशी काढायची?

रोधासाठी भागाकार, शक्तीसाठी गुणाकार. २३० ÷ ६.५ = सुमारे ३५.४ ओहम; २३० × ६.५ = १४९५ वॅट, म्हणजे तुमचा रॉड १५०० वॅटचा आहे. चाळीस मिनिटांत एक युनिट वीज जाते.

इथे बरेच जण चुकतात: व्होल्टेज उतरून २०० झालं, तरी शक्ती १५०० वॅटच धरतात. कायम राहतो तो रोध (जवळजवळ), शक्ती नाही. म्हणून व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध करा: ४०००० ÷ ३५.४ = सुमारे ११३० वॅट. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की पाणी तापायला उशीर लागतो, तो यामुळेच.

पिवळ्या उजेडाच्या फिलामेंटच्या (आत तार असलेल्या) बल्बला मात्र हे लावू नका; त्याचा रोध कायम राहत नाही. थंड असताना मल्टीमीटरवर (रोध मोजायच्या मीटरवर) त्याचा रोध पेटलेल्या बल्बपेक्षा कितीतरी कमी दिसतो.