ताप नाही, मग न्यूमोनिया कसा?

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. दोन दिवस जेवण कमी झालं होतं, काहीतरी असंबद्ध बोलत होत्या, रात्री बाथरूमला जाताना तोल जाऊन पडल्या. खोकला जेमतेम, ताप अजिबात नाही. एक्स-रेत न्यूमोनिया निघाला. आता घरी आल्या आहेत. पुन्हा झालाच तर ओळखायचा कसा? लस घ्यावी का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : वय झालं की जंतूंशी लढताना अंग तापेलच असं नाही. अन्नावरची वासना उडणं, अचानक गोंधळणं, पडणं हीच कित्येकदा पहिली लक्षणं असतात. म्हणून थर्मामीटरवर विसंबू नका, श्वास मोजा.

त्या स्वस्थ पडलेल्या असताना, त्यांना न सांगता मोजा. सांगितलं की श्वासाची लय बदलते. पोटावरचा पदर वर-खाली होतो तो बघत पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट केलीत, तर एका श्वासाची चूक चारची होते. १२ ते २० ठीक. २५ च्या पुढे गेला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ३० किंवा जास्त, ओठ निळसर, किंवा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली असेल, तर १०८ ला फोन करा. ऑक्सिजन ९४ च्या खाली आला तरी डॉक्टरांना कळवा. बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर ऑक्सिमीटर चुकतो. हात चोळून ऊब आणा, आकडा स्थिरावू द्या. जुना दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल तर त्यांचा नेहमीचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

खोकला दाबणारं, गुंगी आणणारं सिरप दुकानातून परस्पर आणू नका. कफ आतच साचतो आणि गुंगीत ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जातं. आडवं ठेवून चमच्याने पेज भरवणं तर नकोच. ताठ बसवून भरवा, नंतर अर्धा तास बसतंच ठेवा. कवळीकडे मात्र घरोघरी दुर्लक्ष होतं, याचं फार वाईट वाटतं. तिच्यावरचे जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. रोज रात्री काढून घासा, पाण्यात ठेवा.

लस जरूर घ्या, अगदी न्यूमोनिया होऊन गेला असला तरी. न्यूमोकोकसची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूविरुद्धची) लस आधी घेतली असेल तर ती कोणती, ते डॉक्टरांना सांगा. पुढचा डोस त्यावर ठरतो. फ्लूची दरवर्षी लागते. पुण्यात पावसाळ्यात फ्लू वाढतो, तेव्हा ती मे महिन्यातच उरकून घ्या.