हाड जुळलं, मग हाताची आग का होतेय?

"मॅडम, एक्सरेत हाड जुळलंय म्हणतात, मग माझं दुखणं खोटं आहे का?" प्लास्टर निघून महिना-दोन महिने झालेली माणसं मला हे विचारतात, आणि बहुतेकदा सोबत आलेल्या घरच्यांसमोर मान खाली घालून विचारतात. म्हणून एका काकूंबद्दल लिहिते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काकू साठीच्या. पावसात अंगणात घसरल्या, पडताना उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. याला कॉलीस फ्रॅक्चर म्हणतात, पाळी गेलेल्या बायकांमध्ये खूप दिसतं. सहा आठवडे प्लास्टर, हाड छान जुळलं. पण हात सुजलेला, जांभळट, दुसऱ्यापेक्षा गरम आणि नुसती आग आग. माझ्याकडे आल्या त्या हात पदराखाली झाकूनच, बसायच्या आधी म्हणाल्या, "पंखा बंद कराल का, वारं लागलं तरी सोसत नाही." मुलगा लगेच बोलला, "बघा आता, वाऱ्यानं कधी दुखतं का कुणाचं?"

मला त्याचा राग नाही आला, त्याला कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. एका ठिकाणी तर काकूंना 'मनाचे खेळ आहेत' म्हणून परत पाठवलेलं. मी त्याला सांगितलं, अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६० च्या दशकात, सायलस वेअर मिचेल नावाच्या डॉक्टरांनी गोळी लागून नस दुखावलेल्या सैनिकांचं हेच लिहून ठेवलंय. जखम भरलेली, पण वाऱ्याची झुळूक सोसायची नाही, वर्तमानपत्र खडखडलं तरी कळ, हातावर सतत ओलं फडकं. लढाईतून आलेली माणसं ती, नाटक कशाला करतील?

काकूंची नस तुटली नव्हती, तरी असं होऊ शकतं. नस दुखावलेली असो वा नसो, दोन्ही प्रकारांना आता कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम म्हणतात, हे नाव १९९४ मध्ये ठरलं. हे ओळखायची एकच अशी टेस्ट नाही, डॉक्टर दोन्ही हात शेजारी ठेवून रंग, सूज, घाम, गरम-गार, हालचाल बघतात. हाड जुळलं तरी नसा आणि मेंदू शांत होत नाहीत, साधा स्पर्शही कळ होऊन पोचतो. दुखणं खरंच असतं, शंभर टक्के. प्लास्टरनंतर अशी लक्षणं दिसली तर त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे परत जा, वाट बघू नका प्लीज.

मुलानं व्हिटॅमिन सी बद्दल वाचलेलं. १९९९ च्या एका डच अभ्यासात फ्रॅक्चर झाल्या दिवसापासून ५० दिवस दिल्यावर हा त्रास कमी जणांना झाला होता, पण २०१४ च्या एडिनबराच्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही. आणि ते सगळं त्रास होऊ नये म्हणून, झाल्यावरचं नाही.

गोळ्या डॉक्टरांनी दिल्या, माझं काम काकूंची भीती घालवायचं होतं. हलवलं तर हाड परत सुटेल या धास्तीनं काकू बोटंही हलवत नव्हत्या आणि त्यानंच हात आणखी आखडत होता. फिजिओथेरपिस्टनी आरसा सांगितला, घरी काकांचा दाढीचा आरसा निघाला, तो उभा ठेवून उजवा हात मागे लपवायचा, डावा समोर, आणि आरशात बघत बोटं उघडायची मिटायची, म्हणजे मेंदूला वाटतं उजवाच हात न दुखता हलतोय. पहिल्या दिवशी काकू रडल्या, "माझा हात असा होता हो," म्हणाल्या. मग कापूस फिरवायचा, मग पंचा, मग परातीत रवा घेऊन त्यात हात. दिवसाला दोन मिनिटं, दुखलं तर थांबायचं पण दुसऱ्या दिवशी परत बसायचं, आणि वेळ लावून बसायचा तो मुलगाच.

चार महिन्यांनी आल्या तेव्हा पीठ स्वतः मळत होत्या, भाकरी अजून थापता येत नव्हती, थंडीत करंगळी ठणकतेच. पंखा चालू होता, ते मुलाच्या आधी लक्षात आलं, त्यानं माझ्याकडे बघितलं. काकूंनी पदर जरासा सारखा केला आणि सुनेच्या भाकऱ्या कशा जाड होतात ते सांगत राहिल्या.