युजेनिओ टोरे जगज्जेता झाला नाही, मग त्याची कारकीर्द मोठी कशी?

मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी विचारताय म्हणून लिहितो. नाहीतर टोरे, म्हणजे फिलिपिन्सचा बुद्धिबळपटू, हा विषय आमच्या घरात बंद आहे.

2004 सालचा सोसायटीचा गणपती. प्रश्नमंजुषेत प्रश्न विचारायला आमचे साडू. शेवटचा प्रश्न, "आशियातला पहिला ग्रँडमास्टर कोण?" (ग्रँडमास्टर म्हणजे बुद्धिबळातला सर्वोच्च किताब.) मी घंटी हाणली. "युजेनिओ टोरे, फिलिपिन्स." साडूंनी हातातलं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "चूक. विश्वनाथन आनंद." म्हटलं, अहो, आनंद ग्रँडमास्टर झाला 1988 ला. टोरे 1974 लाच झाला, नीसच्या ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या संघांच्या स्पर्धेत, आणि वर पहिल्या पटावर (संघातल्या पहिल्या नंबरच्या खेळाडूंत) रौप्यपदक घेऊन आला. "कार्डावर आनंद लिहिलंय," साडू म्हणाले. झालं! स्टीलचा पाच लिटरचा डबा बी विंगला गेला. दुसऱ्या दिवशी छापील पुरावा नेला, तर म्हणतात, "फिलिपिन्स आशियात धरतात का?"

असो. जगज्जेता नाही झाला, कबूल. पण 1976 ला मनिलात चौघांच्या स्पर्धेत कार्पोव्हला काळ्या मोहऱ्यांनी हरवून स्पर्धाही जिंकली. कार्पोव्ह तेव्हा जगज्जेता होता! 1982 ला मेक्सिकोत तोलुकाच्या इंटरझोनल या निवड स्पर्धेत हंगेरीच्या पोर्टिशबरोबर संयुक्त पहिला आला आणि कँडिडेट्सच्या, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणाऱ्या स्पर्धेच्या, आठांत पोचला. तिथे 1983 ला हंगेरीच्याच रिब्लीने त्याला 6-4 असं हरवलं. साडू याला "पहिल्याच फेरीत गारद" म्हणतात. स्वतः त्यांना अजून कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) कधी चालत नाही ते सांगता येत नाही.

आणि गंमत ऐका. साडूंचा तो आनंद लहानपणी वडिलांच्या नोकरीमुळे मनिलातच राहत होता. टोरेमुळे तिथे बुद्धिबळाचं वारं होतं, टीव्हीवर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम लागायचा. पोरगा शाळेत असायचा, म्हणून आई त्यातली कोडी उतरवून ठेवायची. कोडी सोडवून त्याने इतकी पुस्तकं जिंकली, की शेवटी कार्यक्रमवाल्यांनी हवी तेवढी ने, पण आता उत्तरं पाठवू नको असं सांगितलं.

2016 ला बाकूच्या ऑलिंपियाडमध्ये टोरे 64 वर्षांचा होता. 11 डावांत 10 गुण, एकही हार नाही, तिसऱ्या पटावर कांस्य. त्या वयात आपण जिना चढताना मधे थांबतो.

हां, 1983 नंतर तो परत कँडिडेट्सला पोचला नाही, आणि आनंद त्याच्याहून कितीतरी मोठा खेळाडू, हे मीही मानतो. पण कार्डावर 'मोठा कोण' असं नव्हतं ना विचारलं.

तेव्हा प्रकल्पाच्या पहिल्या पानावर टोरेच घ्या, 1974 ठळक अक्षरांत. बाईंनी बरोबरची खूण केली की त्या पानाचा फोटो इथे टाका. मला फॅमिली ग्रुपवर पाठवायचाय.