जळालेलं वाइंडिंग आधी बघा, मग रिवाइंडिंगला द्या

प्रश्न : बोअरची पाच एचपीची थ्री फेज मोटर वर्षात दोनदा जळली. रिवाइंडिंगवाला व्होल्टेजला दोष देतो, वायरमन म्हणतो तांबं हलकं होतं. खरं कोणाचं धरायचं? (एक शेतकरी वाचक, सांगोला)

उत्तर : दोघांचं ऐकण्याआधी उघडलेला स्टेटर (मोटरीचा न फिरणारा, वाइंडिंगचा भाग) बघा. तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्या असतील तर लोड जास्त होता, व्होल्टेज कमी होतं किंवा मोटर गाळात रुतून थंड होत नव्हती. स्टार जोडणीत (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधलेली) दोन फेज जळून तिसरा कोरा राहिला असेल, किंवा डेल्टात (टोकाला टोक जोडून त्रिकोण केलेला) एकच फेज जळून दोन शाबूत असतील, तर एक फेज गेल्यावरही मोटर चालूच राहिली होती. जुन्या कॉइल कापल्या की हा पुरावा गेला. म्हणून आधी मोबाइलवर फोटो काढा.

तीन फेजचे करंट एकामागून एक येत असल्याने स्टेटरमध्ये फिरतं चुंबकक्षेत्र तयार होतं आणि रोटर, म्हणजे फिरणारा भाग, त्याच्यामागे धावतो. दोन पोलच्या मोटरीत हे क्षेत्र मिनिटाला 3000 फेरे घेतं, रोटर थोडा मागे, 2850च्या आसपास असतो. चालू मोटरीचा एक फेज गेला तरी ती थांबत नाही. तेवढंच पाणी उचलायला उरलेल्या दोन वायरांतून साधारण पावणेदोन पट करंट ओढते. बंद मोटर एक फेज नसताना चालू केली, तर नुसती घुमत राहते आणि वाइंडिंग झपाट्याने तापतं.

स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण) हवाच. ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारी) मोटरीच्या पाटीवरच्या अँपिअरवर लावा. सारखी ट्रिप होते म्हणून ती पुढे सरकवू नका. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर स्टारमध्ये उठवून डेल्टात चालवणारा) रिले वाइंडिंगच्या वायरवर असेल तर आकडा पाटीच्या 0.58 पट, म्हणजे 12 अँपिअरला 7. क्लॅम्प मीटरने तिन्ही वायरांचा करंट मोजा. एका फेजचा फार वेगळा आला तर कट-आउट, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट आणि केबलचा जोड आधी तपासा.

लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा ऑटोस्विच मात्र काढून टाका. लाइट आली की डीपीवरच्या (शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उठतात. प्रत्येक मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट घेते, मग व्होल्टेज कोसळतं आणि कोणतीच धड वेग घेत नाही. त्यात डीपीही जाते. लांबच्या वस्तीवर तो हवाच असेल तर निदान टायमर लावा, आणि शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येकाने वेगळी वेळ ठेवा. कंडेन्सर टाकून दोन फेजवर मोटर चालवायचा जुगाड पूर्ण लोडवर करू नये. करंट असमान राहतो आणि एखादा फेज जास्त तापतो.

मोटर परत सोडताना, पाण्याने भरायचा प्रकार असेल तर आत स्वच्छ पाणी भरून हवा पूर्ण काढा. उलटी फिरली तरी थोडं पाणी येतंच, त्यामुळे फसायला होतं. कोणत्याही दोन वायरा अदलाबदल करून बघा, जास्त पाणी येईल ती दिशा बरोबर.

प्रश्न : सीलिंग फॅन हाताने ढकलल्यावरच फिरतो. (डोंबिवली)

उत्तर : सिंगल फेजमधून आपोआप फिरतं क्षेत्र मिळत नाही. दुसऱ्या वाइंडिंगला कपॅसिटरमधून वीज देऊन ते मिळवलेलं असतं. स्विच बंद करून पाती फिरवा. सैल फिरत असतील तर बहुधा कपॅसिटर गेला आहे. जुन्यावर लिहिलेलाच आकडा घ्या, बहुतेक पंख्यांत 2.5 मायक्रोफॅरड, 440 व्होल्ट. मोठा टाकून वेग वाढवायला गेलात तर वाइंडिंग तापेल. पाती जड फिरत असतील तर बेअरिंग बघा.

प्रश्न : मिक्सरमध्ये ठिणग्या दिसतात. पंख्यासारखी बिनब्रशची मोटर त्यात का नसते? (सातारा)

उत्तर : आपल्या 50 हर्ट्झवर तशी मोटर थेट जोडली तर 3000 फेऱ्यांच्या वर जात नाही. बारीक चटणीला त्याच्या कितीतरी पट वेग लागतो. म्हणून मिक्सरमध्ये युनिव्हर्सल मोटर असते. फील्ड (स्थिर वाइंडिंग) आणि आर्मेचर (फिरणारं वाइंडिंग) एकाच मालिकेत असल्याने विजेची दिशा बदलली तरी दोन्ही एकदम बदलतात आणि फिरणं एकाच दिशेने राहतं. ब्रशपाशी, म्हणजे आर्मेचरला वीज देणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांपाशी, बारीक निळसर ठिणगी चालते. कम्युटेटरभोवती (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) आगीचं कडं दिसलं तर लगेच बंद करा. कार्बन झिजले असतील तर जोडी बदला. जोडी बदलूनही कडं राहिलं तर आर्मेचरची कॉइल शॉर्ट असण्याची शक्यता जास्त. कम्युटेटर बारीक काचपेपरने घासा, एमरीने नको. त्याचे कण फटींत अडकतात.