चपाती वातड होते म्हणून गव्हावर टॉनिक मारू का?

कोरेगाव, वाळव्याकडनं चार-पाच जणांनी एकच विचारलंय. ऊस गेल्यावर डिसेंबरअखेर लोकवन गहू पेरला, दाणा बारीक पडला, चपाती दुपारपर्यंत वातड. दुकानदार म्हणतोय स्टार्च वाढवायचं टॉनिक मारा, युरिया वाढवा, नाहीतर 'शुगर फ्री' गव्हाचं बियाणं घ्या.

यातलं एकही करू नका. स्टार्च कसला हे बियातच ठरलेलं असतं, बाटलीत नाही. गव्हाच्या स्टार्चमध्ये दोन प्रकार, साधारण पाव भाग अमायलोज, बाकी अमायलोपेक्टिन. हे अमायलोज बनवणाऱ्या वॅक्सी जनुकाच्या साध्या गव्हात 3 प्रती, खपली-बन्सी या गव्हांत 2च, कारण त्यांच्यात डी जीनोम, म्हणजे गुणसूत्रांचा तिसरा संचच नाही. एखादी प्रत बंद असली की अमायलोज थोडं कमी, जपानी लोक त्यांच्या उडोन शेवयांसाठी मुद्दाम तसलाच गहू घेतात, आणि सगळ्या बंद पडल्या तर अमायलोज जवळपास संपलं, पीठ चिकट. आता फवारा मारून जनुक बदलतंय होय?

तुमच्या हातात आहे ती पेरणीची तारीख. उशिराच्या गव्हाचा दाणा मार्चच्या उन्हात भरतो, स्टार्च बनवणारी एन्झाइम उष्णतेनं मंदावतात, दाणा चिमतो, स्टार्च कमी नि प्रथिनाचा वाटा जास्त, मग चपाती वातड व्हायचीच. 1 ते 15 नोव्हेंबरला पेरा. पुढं उशिराच्या दर पंधरवड्याला हेक्टरी 2.5 क्विंटल उत्पन्न गेलं समजा. 15 डिसेंबरनंतर ऊस तुटला तर गव्हाचा नादच सोडा, मका करा चाऱ्याला.

युरियाचं परत सांगतो, वाढवू नका. वेळेवरच्या बागायतीला हेक्टरी 120 किलो नत्र, उशिराला 80, निम्मं पेरताना नि निम्मं 3 आठवड्यांनी पाण्याबरोबर. ओंबी आल्यावर युरिया फेकून स्टार्च वाढत नाही, गहू लोळतो, तांबेरा येतो, दुकानदाराचं बिल तेवढं वाढतं.

'शुगर फ्री' ही निव्वळ थाप. बऱ्याचदा खपलीच त्या नावानं विकतात, तिच्यातही स्टार्चच आहे. खपली जरूर लावा, पण बियाणं खपलीच्याच भावात घ्या. साध्या गव्हात एमएसीएस 6478 हा वाण बघा, आपल्या करंजखोपच्या शेतकऱ्यांनी घेतलाय, 110 दिवसांत येतो. बियाण्याच्या अनुदानाला महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, बाकी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा.

आणि गिरणीवाल्याला जरा जाडसर दळायला सांगा, पीठ चटका बसण्याइतकं गरम निघत असेल तर स्टार्च तिथंच फुटतो. काढणीत भिजून मोड आलेला गहू वेगळा ठेवा, चांगल्यात मिसळू नका.