संस्थेतलं मांजर घरी येताच आजारी का पडतं?

प्रश्न : मांजर बचाव संस्थेबद्दल कुणी भरभरून बोलतं, तर कुणाचं मांजर चार दिवसांत शिंकायला लागतं. दत्तक घेताना काय पाहावं?

उत्तर : शिंका म्हणजे फसवणूकच, असं नाही. दाटीच्या जागी सर्दीचे विषाणू झपाट्याने पसरतात आणि लक्षणं दिसायला साधारण 2 ते 10 दिवस लागतात. त्यांतलाच हर्पिस हा विषाणू तर जागा बदलण्याच्या ताणानेही उसळतो. म्हणून नवं मांजर 14 दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, भांडी आणि शी-शूचा मातीचा ट्रेही वेगळाच. 24 तास खाल्लं नाही, तर लगेच पशुवैद्य गाठा. उपाशी मांजराचं यकृत बिघडतं.

लसीकरण, नसबंदी, एफआयव्ही-एफईएलव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारे दोन विषाणू) चाचणी यांच्या तारखा लेखी मागा. कागद दाखवायला टाळाटाळ झाली, तर थांबा. पिल्लू 8 आठवड्यांपेक्षा लहान नको.