सकाळी मासे वर येऊन तोंड उघडतात, औषध कोणतं टाकू?

प्रश्न: नमस्कार सर, मी नागपूरला मानेवाड्यात राहते. दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक आहे, त्यात १० गप्पी आणि ६ निऑन टेट्रा. मागच्या रविवारी टँक पूर्ण खाली केला, फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतला आणि सगळं पाणी नवीन भरलं. बुधवारपासून मासे पहाटे वर येऊन तोंड उघडून राहिले, ३ मेले. एका गप्पीच्या तोंडाला पांढरा कापूस लागल्यासारखं दिसून राहिलं. दुकानातून निळं औषध आणून टाकलं, काही फरक नाही. व्हाइट स्पॉटचा आजार आहे का? सगळे म्हणतात हीटर लाव, लावू का?

उत्तर: ताई, हीटर अजिबात लावू नका आणि ते निळं औषधही आता थांबवा. व्हाइट स्पॉट कसा दिसतो सांगतो, अंगावर आणि परांवर रवा शिंपडल्यासारखे सुटे सुटे दाणे येतात आणि मासा दगडाला अंग घासतो. तुमच्या गप्पीचं तसं नाही. तोंडाशी कापूस म्हटलं की लोक बुरशी समजतात, पण बहुतेक वेळा तो कॉलमनॅरिस नावाचा बॅक्टेरिया असतो आणि गरम पाण्यात तो झपाट्याने वाढतो. व्हाइट स्पॉटसाठी पाणी ३० डिग्रीपर्यंत नेतात हे खरं, पण आपल्याकडे मे महिन्यात हीटर नसतानाच टँक ३३-३४ ला जातो, निऑनला तर २५ च्या आसपासचं पाणी मानवतं.

पण मला वाटतं खरा आजार तुमच्या पाण्याचा आहे. त्या स्पंजमध्ये जे बॅक्टेरिया राहतात ना, तेच माशांच्या घाणीतला अमोनिया मोडून आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तुम्ही क्लोरीनच्या पाण्यात स्पंज चोळला तिथे ते गेले, अमोनिया साठत गेला आणि माशांचे कल्ले भाजले. त्यात गरमी. २५ डिग्रीला लिटरभर पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ ला ७ च्या आसपास, आणि माशाला मात्र गरमीत जास्तच लागतो. टँकमध्ये झाडं असतील तर रात्री तीही ऑक्सिजन घेतात, म्हणून पहाटे सगळे वर.

आज संध्याकाळीच करा. पाव टँक पाणी काढा आणि रात्रभर उघड्या बादलीत ठेवलेलं पाणी हळूहळू घाला, गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी मुळीच नको, ते हाताला चटका देतं. असं रोज करा आठवडाभर. एअर पंप २४ तास चालू ठेवा, झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडा, २-३ डिग्री सहज उतरतात. बर्फ थेट टाकू नका. खाणं दिवसाआड, चिमूटभर. अमोनियाची टेस्ट किट घ्या, आकडा शून्यच यायला पाहिजे. स्पंजमध्ये ते बॅक्टेरिया पुन्हा नीट वाढायला ४ ते ६ आठवडे लागतील, आणि यापुढे स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा.

कापूसवाला गप्पी वेगळ्या टबात ठेवा, तिथेही एअर स्टोन लावा, आणि त्याचं औषध माशांच्या जाणकाराला दाखवूनच. तेलंखेडीला आपलं मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथे विचारून बघा. कोणी पाण्यात मीठ टाकायला सांगेल, गप्पीला चालतं, निऑनला फार सोसत नाही.

आणि हो, त्या खोलीत रात्री मच्छरचं लिक्विड लावता का? पंप खोलीचीच हवा पाण्यात ढकलतो आणि त्यातलं औषध माशांना फार विषारी असतं. आधी ते बंद करा.

प्रश्न: महालहून लिहितो. गप्पीचं पोट फुगलंय, पिल्लं होणार की आजार?

उत्तर: दादा, वरून बघा. खवले फणसाच्या सालीसारखे उभे राहिले असतील तर ड्रॉप्सी, म्हणजे अंगात पाणी साठणं, वेगळा करा, त्यातून मासा क्वचितच वाचतो. खवले गुळगुळीत आणि शेपटीजवळ पोटाखाली गडद डाग असेल तर मादी आहे, साधारण महिनाभरात पिल्लं देते, तिच्यासाठी थोडी झाडं टाकून ठेवा. नर असेल आणि पोट फुगलं असेल तर २ दिवस उपाशी ठेवा, नुसतं जास्त खाल्लं असेल तर तेवढ्यात उतरतं.